चिखलात बसलेली निळी होडी

आमच्या बंदरात होडीला निळा रंग देत नाहीत. का देत नाहीत ते विचारू नका. होडीवर डुकराचं नाव काढायचं नाही, होडीच्या कप्प्याचं झाकण उलटं ठेवायचं नाही आणि निळा रंग लावायचा नाही, हे इथल्या पोरांना चालता यायच्या आधी कळतं. त्यामुळे माझी भावजय एव्हिस निळ्या रंगाचा डबा काखोटीला मारून दुकानातून बाहेर पडली, तेव्हा दुकानदाराने लगेच मला फोन केला. जसं काही मी तिला आवरणार होते. एव्हिसला आवरायला एकच माणूस निघाला होता, आणि हे सगळं त्यानेच ओढवून घेतलं होतं.

तो माणूस म्हणजे तिचा मुलगा गेलन. माझा भाऊ एल्डन, म्हणजे गेलनचा बाप, एकटाच समुद्रात शेवंडं धरायला टाकलेले पिंजरे उचलायला गेला होता. पायात दोर अडकला आणि पिंजऱ्याबरोबर तोही खाली गेला. इंजिन चालू असलेली रिकामी होडी गोल गोल फिरताना सापडली, तीही गेलनलाच. तेव्हापासून आई पाण्यावर जाणार म्हटलं की त्या पोराला धास्ती वाटते. हे मला समजतं. पण आपल्याला भीती वाटते म्हणून दुसऱ्याला खुंट्याला बांधून ठेवायचं, हे मला मुळीच समजत नाही. त्याने आधी एल्डनची होडी विकली, मग वल्ह्यांची छोटी होडीही विकली, आणि धक्क्यावर सगळ्यांना सांगून टाकलं की आईला कोणी होडीत घ्यायचं नाही. धक्का त्याचा, सगळ्यांची शेवंडं विकत घेणारा तोच. त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

एव्हिसला जायचं होतं ते तिच्या मेंढ्यांकडे. खाडीच्या तोंडाशी एक उघडंबोडकं बेट आहे, आम्ही त्याला नुसतं ‘बाहेरचं’ म्हणतो. तिथे एव्हिसच्या आईच्या वेळेपासून मेंढ्या आहेत. ना राखण ना कुंपण. गवत आणि समुद्राचं शेवाळ खाऊन त्या बारा महिने तिथेच राहतात आणि वसंतात आपल्या आपण वितात. तरी दर वसंतात एव्हिस तिथे जायची, कुणाला काय झालं, कुणाला काय झालं नाही, बघून यायची. होड्या गेल्या आणि दोन वसंत ती खिडकीत बसून दुर्बिणीने मेंढ्या बघत राहिली. त्यात बोस्टनकडच्या एका उन्हाळी माणसाला, म्हणजे फक्त उन्हाळ्यात इथे राहायला येणाऱ्याला, बाहेरच्यावर बंगला बांधायची हौस आली. अर्धं बेट एव्हिसच्या नावावर, एल्डनचं अर्धं गेलनच्या. गेलनला विकायचं होतं. मेंढ्या खाटकाकडे, बेट बोस्टनला आणि आई घरात, असा सरळ हिशोब.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी, मडक्यातल्या बीन्स समोर असताना, गेलनने बेट विकायचा कागद तिच्या सहीसाठी टेबलावर ठेवला. मी तिथेच होते. एव्हिसने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“आई, तुझा गुडघा वाकत नाही. धक्क्याची शिडी तुला उतरता येत नाही. मेंढ्यांकडे तू जाणार कशी? पोहत?”

हे शेवटचं टोचून बोलणं होतं. आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर समुद्रावर जगणाऱ्या माणसांना पोहता येत नाही. पाणी इतकं गार की शिकून उपयोगही नाही.

“माझं मी बघेन,” एव्हिस म्हणाली.

“बघच मग.” गेलनचा पारा चढला होता. “मे संपायच्या आत स्वतःच्या जिवावर बाहेरच्यावर जाऊन दाखव. जाताना तुला किंवा होडीला कोणी हात लावायचा नाही. जमलं तर हा कागद मी फाडतो. नाही जमलं तर सही करायची.”

एव्हिसने त्याच्यापुढे ब्रेडची थाळी सरकवली आणि म्हणाली, “ठरलं. ब्रेड घे, गार होतोय.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती एक रंगीत पुस्तक घेऊन. त्यात कयाकांची चित्रं होती. कयाक म्हणजे उन्हाळी लोकांचं खेळणं: वरून झाकलेली, लांबट, एका माणसाची होडी. मधल्या भोकात पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं. त्या इतक्या बुटक्या असतात की धुक्यात दिसतच नाहीत. आमच्या धक्क्यावरचा मर्ल त्यांना स्पीडब्रेकर म्हणतो. आणि एव्हिसला तसली होडी हवी होती, तीही तयार नाही. कापलेल्या फळ्या, तार आणि गोंद खोक्यातून येणार, बांधायची आपण.

मी म्हटलं, बाई, प्लॅस्टिकची तयार मिळते की दुकानात. ती म्हणाली, जिच्या सांध्यासांध्याची मला माहिती नाही तिच्यात मी बसत नाही. मग मी म्हटलं, निदान वल्ह्यांची साधी होडी तरी घे, तुला सवय आहे. त्यावर ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही.

“लिओला, वल्ह्यांच्या होडीत पाठ पुढे असते. जन्मभर मी पाठमोरी गेले आणि मागे सुटलं तेवढंच बघत राहिले. आता मला तोंड पुढे करून जायचंय.”

पुस्तकातल्या तीन होड्यांची पानं तिने दुमडून ठेवली होती. माझ्याच फोनवरून तिने त्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने उंची विचारली, वजन विचारलं, पायाचं माप विचारलं. तिने वजन लोकरीच्या दोन शर्टांसकट आणि रबरी बुटांसकट सांगितलं. तो गोड आवाजात म्हणाला की तुमच्या वयाला ही रुंद, आखूड होडी बरी, अजिबात डगमगत नाही. एव्हिस म्हणाली, मला तळ्यात बदकं मोजायची नाहीत. आडव्या लाटेत नाक सरळ ठेवणारी कोणती? तो घुटमळला आणि म्हणाला, मधली. मग तिने विचारलं, मेंढ्यांना चाटायला लागते ती मिठाची ढेप पुढच्या कप्प्यात मावते का? हा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नसावा. त्याने उठून माप घेतलं आणि मावते म्हणून सांगितलं. अशी मधली ठरली.

जानेवारीत खोकं आलं. आता हे बांधायचं कुठे? गोंदाला ऊब लागते, आणि एल्डनच्या शेडमध्ये तेव्हा पाण्याची बादलीही तळापर्यंत गोठलेली होती. आमच्या घरांना पुढचं दार असतं, पण ते कोणी वापरत नाही, सगळं येणं-जाणं स्वयंपाकघराच्या दाराने. पुढची खोली पाद्रीबाबांसाठी आणि मयतासाठी. पाण्यातून काढल्यावर एल्डन त्या खोलीत दोन दिवस होता आणि त्या दाराने गेला, त्यानंतर ते दार उघडलंच नव्हतं. एव्हिसने कोच ओढून व्हरांड्यात काढला, गालिचा गुंडाळला आणि त्या खोलीत सुताराचे दोन लाकडी घोडे मांडून त्यांवर फळ्या ठेवल्या. होडीचं एक टोक पियानोखाली गेलं. मर्ल खिडकीतून डोकावून म्हणाला, “काय एव्हिस, आतापासूनच शवपेटी बनवायला घेतलीस?” उचलली जीभ लावली टाळ्याला. एव्हिसने पडदा ओढून घेतला.

ती होडी आधी शिवायची आणि मग चिकटवायची, असं काम होतं. पातळ फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे तुकडे ओवायचे आणि पक्कडीने पिळायचे. एव्हिसने जन्मभर शेवंडांच्या पिंजऱ्यांची आतली जाळी विणली आहे. त्या कामात एकच नियम, गाठ मारली की लगेच आवळायची, सैल गाठीतून शेवंड निसटतं. तिने प्रत्येक तार ओवली की तिथल्या तिथे करकचून पिळली. मी कडा धरून ठेवत होते. दोघी खूश होतो, इतक्या भराभर काम चाललं होतं. शेवटचा टाका पडला, आम्ही मागे सरून बघितलं, तर होडी पिळलेल्या फडक्यासारखी वळली होती. नाक उजवीकडे, शेपूट डावीकडे.

“ही तर गोल गोलच फिरत राहील,” मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

 एव्हिस खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं, आता सही करते. पण ती परत आली, कात्री घेतली आणि पहिल्यापासून एकेक तार कापायला लागली. म्हणाली, खोक्यातून आलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, आधी सगळे टाके सैल घाला, मग सगळे मिळून थोडे थोडे आवळा. वर म्हणाली, मला वाटलं, पुस्तक मला काय विणायला शिकवणार. हे बोलताना ती हसत नव्हती. दुसऱ्यांदा आम्ही सैल टाके घातले आणि तिने प्रत्येक तारेला अर्धा अर्धा पीळ देत होडीभोवती कितीदा तरी फेऱ्या मारल्या, तो आखडलेला पाय ओढत. या वेळी होडी सरळ आली.

पुढे मात्र तिने पुस्तकाला जुमानलं नाही. होडी हलकी हवी, एका माणसाला उचलता आली पाहिजे, तळाला जास्तीचं लाकूड लावू नका, असं त्यात मोठ्या अक्षरांत होतं. एव्हिसने एल्डनच्या शेडमधून ओकची एक लांब पट्टी काढली, तिला रंधा मारला आणि होडीच्या तळाला नाकापासून शेपटीपर्यंत बसवली. वर काचेच्या धाग्यांच्या कापडाचे दोन थर. मी म्हटलं, अगं, उचलायची कशी? ती म्हणाली, “ज्याने पुस्तक लिहिलं त्याने आपले खडक पाहिलेले नाहीत.” सगळं वाळल्यावर आम्ही दोघींनी उचलून बघितली. माझी कंबर दोन दिवस धरली.

आणि मग तो निळा रंग. दुकानदाराने मला फोन केला तसा गेलनलाही केला असणार, कारण संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात हजर. साऱ्या हिवाळ्यात पुढच्या खोलीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं, आज थेट आत आला. होडीची एक बाजू रंगवून झाली होती, आभाळासारखी निळी. त्याचा चेहरा उतरला.

“आई, निळा?”

“तुझ्या बापाची होडी पांढरी होती,” एव्हिस म्हणाली आणि ब्रश परत डब्यात बुडवला.

 गेलन टोपी चढवून निघून गेला. मला त्याची दया आली. पण तिची बाजू मी सोडली नाही.

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघींनी होडी तिरकी करून कशीबशी स्वयंपाकघराच्या दाराने काढली आणि ढकलत ढकलत खालच्या खाडीत नेली, नुसती करून बघायला. तिथे खरी अडचण कळली. कयाक तरंगत असताना तिच्यात बसायचं म्हणजे आधी बूड टेकायचं, मग गुडघे दुमडून पाय आत घ्यायचे. एव्हिसचा उजवा गुडघा दुमडतच नाही. तिने पाय सरळ घालायचा प्रयत्न केला, होडी कलंडली आणि बाई पाण्यात. जीवरक्षक जाकीट होतं, पाणी कमरेएवढंच होतं, पण ते एप्रिलचं पाणी. मी तिला ओढून बाहेर काढलं. ती परत गेली आणि परत पडली. तिसऱ्यांदा तिचे ओठ त्या होडीच्याच रंगाचे झाले, तेव्हा मी भांडून तिला घरी नेलं, होडीही परत पुढच्या खोलीत आली. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मर्ल सगळ्यांना तिची नक्कल करून दाखवत होता आणि सगळे दात काढत होते. गेलन हसत नव्हता. त्या संध्याकाळी एव्हिसच्या दाराशी कोणीतरी लोकरीच्या मोज्यांचा जोड ठेवून गेलं. कोणी, ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

मे महिना सरत आला. बाहेरच्यावर मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, दुर्बिणीतून पांढरे ठिपके दिसत होते. एव्हिस चिडचिडी झाली. एकदा मला म्हणाली, तू धरलीस होडी तर मी बसेन, पण मग ते माझं जाणं नाही. मी म्हटलं, कोण बघतंय? ती म्हणाली, मी बघतेय.

मग एका सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो होतो. गेलनने त्याची मोठी होडी तळाला रंग द्यायला टेकवली होती. दर वसंतात सगळेच करतात. भरतीला होडी धक्क्याला लावायची, पाणी उतरलं की ती आपोआप खालच्या रेतीवर बसते. मग खाली उतरून तळ खरवडायचा, रंगवायचा आणि भरती उचलायला येईपर्यंत थांबायचं. आमच्याकडे पाणी दोन माणसांच्या उंचीइतकं चढतं आणि उतरतं, मग क्रेन कशाला हवी? गेलन रंगवून झाल्यावर होडीवर चढून बसला होता, सँडविच खात, पाण्याची वाट बघत. एव्हिस वरून बघत राहिली. किती वेळ बघत राहिली. मग माझ्या हाताला चिमटा काढून म्हणाली, “घरी चल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी लागलेली होती. एकटीला होडी स्वयंपाकघरातून वळवता येणार नव्हती, म्हणून एव्हिसने पुढच्या दाराच्या फटीत सुरी फिरवून वाळलेला रंग मोकळा केला आणि खांद्याने धक्का देऊन ते दार उघडलं. मी पायरीवर हात बांधून उभी राहिले. हात लावायचा नव्हता ना. होडीच्या नाकाला दोर बांधून तो तिने कमरेला वेढला आणि ओढत निघाली. दवाने ओलं झालेलं गवत, पुढे उतार, मग दगड, मग दगडांवरचं गुळगुळीत शेवाळ. चार पावलं ओढायची, थांबायचं, श्वास घ्यायचा. दगडांवरून ती ओकची पट्टी अशी करकरत होती की ऐकवत नव्हतं. नुसत्या पातळ फळ्या असत्या तर त्यांच्या चिंध्या झाल्या असत्या. शेवाळावर आल्यावर होडीच पुढे निघाली आणि एव्हिसलाच पळावं लागलं. पाणी पार खाली गेलं होतं. तिने होडी चिखलाच्या टोकाशी नेली, नाक समुद्राकडे केलं, पुढच्या कप्प्यात मीठ, मागच्या कप्प्यात घोंगडी आणि खाणं नीट लावलं. मग होडीवर बसली, दोन्ही हातांनी तो पाय उचलून सरळ आत घातला, दुसराही घातला आणि खाली सरकली. जमिनीवरच्या होडीला कलंडायचं कारणच नव्हतं.

वल्हं मांडीवर आडवं ठेवून तिने थर्मासातली कॉफी ओतली आणि काकवीचा डोनट खायला घेतला.

धक्क्यावर आधी मर्लने बघितलं. मग सगळ्यांनी. एक म्हातारी निळ्या होडीत बसलीय, चहूकडे चिखल, आणि ती आरामात डोनट खातेय. हसून हसून माणसं खांबांना धरायला लागली. कोणी ओरडून विचारलं, एव्हिस, गिअर टाकायला विसरलीस का? मर्ल पिंजरे उचलायला निघाला होता. तो जाता जाता म्हणाला, आज स्पीडब्रेकर जमिनीवरच लावलाय. एव्हिसने मान वळवली नाही. आता मला तिचा डाव कळला होता. मी त्या हसणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, हसून घ्या. पाणी वळलंय.

तेवढ्यात गेलन आला. धक्क्यावर न थांबता मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून थेट चिखलात उतरला आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. त्या दिवशी वारा नव्हता, एकेक शब्द ऐकू येत होता.

“आई, घरी चल. लोक हसतायत.”

“हसू देत. पाणी येऊ दे, मग जाते.”

“होडी उलटली तर?”

“उलटली तर उलटली. गेलन, तुझा बाप गेला त्या दिवशी तो घाबरत नव्हता. मलाही घाबरत घाबरत जगायचं नाही. खिडकीत बसून मी काय वाचले? नुसती म्हातारी झाले.”

तो जागचा हलला नाही. पाणी आलं, आधी होडीच्या नाकाशी, मग दोन्ही बाजूंनी. गेलनच्या घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. धक्क्यावरचं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. होडी जराशी हलली, परत टेकली, परत हलली. एका लाटेने ती डावीकडे झुकली, तसा गेलनचा हात आपोआप पुढे गेला. एव्हिसने वल्ह्याच्या पात्याने त्याच्या बोटांवर टप्पकन मारलं.

“हात लावायचा नाही. अट तुझीच आहे.”

त्याने हात मागे घेतला. पुढच्या लाटेला होडीखालचा चिखल सुटला. काहीच आवाज झाला नाही. एव्हिसने वल्हं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारलं आणि ती निघाली, तोंड पुढे करून. तिने मागे वळून बघितलं नाही. त्या होडीत वळून बघताच येत नाही म्हणा, पण आलं असतं तरी तिने बघितलं नसतं.

गेलन तिथेच उभा. बुटांच्या वरून पाणी आत शिरलं तरी उभा. मग तो वर आला, भिजलेला, बूट पचपचत, कोणाकडे न बघता धक्क्यावरच्या खोलीत गेला आणि वायरलेसचा माईक उचलला. मी दारातच होते. 

“सगळ्यांनी ऐका. एक निळी होडी खाडीतून बाहेर निघालीय. माझी आई आहे. वेग कमी करा.”

 खाडीभर घुमणारे इंजिनांचे आवाज एकामागून एक खाली येत गेले, अगदी बाहेरच्या तोंडापर्यंत. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मर्लने नंतर स्वतःच सांगितलं. तो सावकाश तिच्या जवळून गेला आणि त्याने टोपी काढली. त्यावर एव्हिस म्हणाली, इतका हळू चाललास तर तुझं आमिष कुजेल, हो बाजूला. दुपारी दुर्बिणीतून बेटाच्या गोट्यांवर एक निळी रेघ दिसली आणि तिच्या वरच्या गवतात मेंढ्यांच्या मध्ये एक लाल शर्ट.

रात्र तिने लोकर कातरायच्या जुन्या झोपडीत काढली आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीने होडी उचलल्यावर ती परत आली. खाडीत शिरून ती उथळ पाण्यात थांबली, आणि पाणी उतरलं तशी होडी हळूहळू चिखलावर टेकली. गेलन तिथे आधीपासूनच उभा होता, दोन्ही हात खिशात घालून.

“कागद?” एव्हिसने विचारलं.

“कालच फाडला.”

“मेंढ्या ठीक आहेत. एक आंधळी झालीय, पण पोरं दोन घातलीत तिने.” तिने वल्हं बाजूला ठेवलं आणि वर हात केले. “आता लाव हात. गुडघा पार आखडलाय.”